माप घ्यायला आलेल्या प्रमिलाताई

गेल्या महिन्यात एका सरकारी कचेरीत गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. जिन्याखाली एक खोली होती. तिच्यावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी, पाटीवर बाळाला पाजणाऱ्या आईचं चित्र आणि दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आत पाहिलं तर मोडक्या खुर्च्या, जुन्या फायलींचे गठ्ठे आणि एक बंद पडलेला कूलर. आणि त्या खोलीच्या बाहेर, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, वीस-बावीस वर्षांची एक पोरगी ओढणीखाली बाळ घेऊन बसली होती. महिना मे, गाव नागपूर. ओढणीखालचं बाळ घामाने निथळून रडत होतं आणि जिन्यावरून उतरणारे पुरुष नेमके तिच्यापाशी येऊन हळू चालत होते. मी शिपायाला विचारलं, किल्ली कुठे आहे. तो म्हणाला, "साहेबापाशी असंन. साहेब मीटिंगले गेले." मग मी माझा फॉर्म भरला, शिक्का मारून घेतला आणि घरी आले.

घरी आल्यावर मला माझाच इतका संताप आला की जेवण गेलं नाही. प्रमिलाताई असत्या तर त्यांनी साहेबांची मीटिंग संपायची वाट पाहिली नसती. साहेबांच्या खुर्चीत त्या पोरीला बसवून बाहेरून दार ओढून घेतलं असतं. हे मी उगाच बोलत नाही. एका बँकेत त्यांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये हे केलेलं मी पाहिलं आहे. मॅनेजर वीस मिनिटं बाहेर उभे होते. निघताना प्रमिलाताईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "एसी चालू ठेवला. बंद करून घ्या."

प्रमिलाताई गेल्या हिवाळ्यात वारल्या. सक्करदऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची एक खोली होती. पुढच्या अर्ध्या भागात शिलाई मशीन, मागच्या अर्ध्यात संसार. ब्लाउज, पेटीकोट, फॉल-पिको असं त्या शिवायच्या. बांधा ठेंगणा, रंग काळासावळा, गळ्यात कायम टेप आणि ब्लाउजच्या खांद्यावर टोचलेल्या चार टाचण्या. नवरा नव्हता, एक मुलगी भंडाऱ्याला दिलेली. भिंतीवर बुद्धाची एक लहान तसबीर होती, अत्यंत शांत चेहऱ्याची, आणि तिच्या खाली या बसलेल्या, अखंड चिडलेल्या. त्यांना गप्प मी फक्त दोनदा पाहिलं. ते पुढे येईलच.

माझी ओळख झाली ती ब्लाउजमुळे. मला मुलगा झाला, धंतोलीतल्या एका दवाखान्यात, सिझर करून. तिथून घरी येताना माझ्या हातात तीन गोष्टी होत्या: बाळ, गोळ्यांची चिठ्ठी आणि दुधाच्या पावडरीचा डबा. "दूध कमी आहे," असं डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याने मान डोलावली, जणू दूध त्याचंच कमी पडलं होतं. माझे ब्लाउज मला होईनात म्हणून रामटेकजवळच्या आमच्या गावाहून आलेली माझी आई ते उसवून ढिले करायला प्रमिलाताईंकडे घेऊन गेली. अर्ध्या तासात प्रमिलाताई आमच्या दारात हजर.

"माप घ्याचं आहे," त्या म्हणाल्या.

"जुन्याच ब्लाउजवरून घ्या ना," आई म्हणाली.

"बाळंतपणात माप बदलते. अंगावरच घ्या लागते. तुम्ही बाहेर थांबा."

ही त्यांची युक्ती होती, हे मला नंतर कळलं. बाळंतिणीच्या खोलीत शेजारणीला मज्जाव, सासूची परवानगी, नणंदेचा पहारा. पण टेलरबाईला कोण अडवणार? माप घ्यायचं म्हटलं की सगळे आपणहून बाहेर जातात आणि दारही आपणहून लावतात. आजूबाजूच्या किती घरांत त्या अशा शिरल्या असतील याची मोजदाद नाही.

दार लागल्यावर त्यांनी टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही.

"दूध आलं नाही, का येऊ नाही देल्लं?"

मी सांगितलं, पहिले तीन दिवस पिवळं आणि चिकट दूध येत होतं, आई म्हणाली ते जड असतं, बाळाला पचत नाही, म्हणून पिळून टाकलं. दवाखान्यात तोवर डबा सुरू झाला. मग बाळ छातीला लागेचना. हे सांगताना मला रडू आलं. त्यांनी माझे डोळे वगैरे पुसले नाहीत. सरळ दार उघडलं.

"बाई, घरी म्हैस आहे का तुमच्या?"

"आहे ना," आई म्हणाली.

"व्याली का एवढ्यात?"

"मागच्याच हप्त्यात. चिकाचा खरवस आणला इकडे येताना. देऊ का तुमाले थोडा?"

"म्हशीचं पिवळं डब्यात भरून रामटेकाहून नागपूरले आणता, अन् पोरीचं पिवळं मोरीत सांडता. काहून?"

आई गडबडली. "आमच्यात तसंच करतात बाई."

"मंग तुमच्यात पोरीपेक्षा म्हैस मोठी आहे, असं सांगा ना सरळ."

आई दोन दिवस धड बोलली नाही. कोणाशी, ते तिलाही ठरवता आलं नसावं. खरवस मात्र तिने कोणालाच दिला नाही. तो फ्रीजमध्ये तसाच राहिला आणि शेवटी टाकून द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाताई पुन्हा आल्या. या वेळी सोबत कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी. "ही नंदा. धागा धराले आणली," असं बाहेर सांगून आत आल्या आणि कोपऱ्यात बसून खरोखरच माझ्या ब्लाउजची शिवण उसवू लागल्या. नंदा मागच्या गल्लीतली, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तिचं बाळ दोन महिन्यांचं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पाजायला लागली. मी प्रमिलाताईंना काही विचारलं की त्या मान वर न करता म्हणत, "मले काय विचारतं? माहं दूध पंचवीस वर्षांमागचं. हिचं सकाळचं आहे. हिच्याकडे पाय." मी पाहिलं. नंदा वाकत नव्हती, बाळाला उचलून वर आणत होती. आधी हनुवटी टेकवायची, त्याने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. मी गेले आठ दिवस बाळावर ओणवी होऊन पाठीचा काटा ढिला करत होते. नंदाने हसून माझ्या कोपराखाली उशी सरकवली. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या गळ्यातून 'गट' असा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. प्रमिलाताईंनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "आला घोट. आता डबा मले आणून दे."

त्यांच्या खोलीत असे डबे ओळीने मांडलेले होते. त्यांत हुक, बटणं, खडू, बॉबिन. प्रत्येक डब्यावरच्या गुबगुबीत हसऱ्या बाळाचं चित्र त्यांनी घासलेटच्या बोळ्याने पुसून काढलेलं असे. माझ्या डब्यावरचं चित्र पुसताना त्या त्याच्याशी भांडत होत्या, "हसतं कायले रे? कोणाचं पिऊन इतका फुगला तू?"

आणि मग त्यांचा नियम. नियम एकच: जिला जमलं तिने पुढच्या पोरीकडे जायचं. आभार मानलेले त्यांना अजिबात खपायचे नाहीत. मी मिठाई घेऊन गेले तर त्यांनी पुडा उघडलाच नाही. "हे ठेव. जुन्या शाळेच्या मागं एक पोरगी आहे, सहावा दिवस. तिच्याकडे जाय." मी म्हटलं, मला काय येतं, मी कालच शिकले. "म्हणूनच म्हणतो ना. तू विसरली नाही अजून रडणं. डॉक्टरीण विसरली, नर्स विसरली, मी पण विसरली. तुले आठवते, तू जाय."

दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्या खोलीत आम्ही सहा-सात जणी बाळं घेऊन बसायचो. कुणी सांगायचं नाही, शिकवायचं नाही. बसायचं, पाजायचं, एकमेकींकडे पाहायचं, सासरच्यांना शिव्या द्यायच्या. शिव्यांत प्रमिलाताई पुढे. त्यांचं एक वाक्य मशीनच्या ठेक्यावर रोज यायचं, "पोट तिचं, टाके तिचे, दूध तिचं, अन् बोलून राहिले सारे." खोलीला एकच खिडकी, रस्त्याकडे. उन्हाळ्यात वारा यायचा तो तिथूनच. समोरच्या बंगल्यातले एक निवृत्त गृहस्थ एकदा येऊन म्हणाले की बायका अशा उघड्यावर बसतात, वस्तीत बरं दिसत नाही, निदान पडदा तरी लावा. प्रमिलाताईंनी पायाखालचं मशीन थांबवलं नाही. "कपडा आणून द्या. माप तुमच्या डोळ्याचं घेतो, शिवून देतो." गृहस्थ परत आले नाहीत. त्यांची सून आली, दोन वर्षांनी.

लोक त्यांच्या रागाचं कारण शोधायचे. कोणी म्हणे, नवऱ्याने टाकलं. कोणी म्हणे, पहिलं मूल गेलं असेल. मी एकदा हिंमत करून विचारलं. त्या उलट मलाच म्हणाल्या,

"रागाले काही तरी मेलेलं लागते का वं? मले दिसते, एवढं पुरे नाही का?"

त्यानंतर मी विचारलं नाही.

आता आरतीचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय प्रमिलाताईंना नुसती शूर बाई करून मोकळं होणं म्हणजे लबाडी होईल, आणि लबाडीला त्या घासलेटचा बोळा फिरवून पुसून टाकायच्या.

आरती आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाची. वय वीस. पहिली मुलगी, दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच झालेली. घरात तिचा नवरा, जो मोबाइलच्या दुकानातून रात्री यायचा, आणि सासू कांताबाई. कांताबाई ब्लाउज प्रमिलाताईंकडूनच शिवून घ्यायच्या, पण त्यांच्या घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. बारा वर्षांत एकदाही नाही. कारण बोललं जात नसे, सगळ्यांना ठाऊक होतं. माझा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा. प्रमिलाताई माप घ्यायच्या निमित्ताने आरतीकडे जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "आता तुही पाळी."

मी चार दिवस गेले. आरतीचं बाळ छातीला लागायचं, तोंड हलवायचं आणि पाच मिनिटांत झोपायचं. रडायचं नाही. माझा मुलगा रडून रडून घर डोक्यावर घ्यायचा, त्यामुळे मला ते बाळ फार गुणी वाटलं. मी आरतीला म्हटलं, "नशीबवान आहेस, किती शांत आहे." आम्ही सगळ्या त्या खोलीत हेच तर शिकलो होतो, की बाळ रडलं म्हणजे दूध कमी असं नसतं, रडण्याला घाबरून डबा उघडू नका. न रडणाऱ्या बाळाबद्दल आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. घोट ऐकायला मी कान लावला नाही. ज्या आवाजाने माझं स्वतःचं रडणं थांबलं होतं तो आवाज ऐकायचा मी विसरले.

कांताबाई मात्र म्हणत होत्या, "पोर सुस्त आहे. डबा द्या." त्या डबा घेऊनही आल्या. मी हे प्रमिलाताईंना जाऊन सांगितलं, तक्रार केल्यासारखं सांगितलं, आणि प्रमिलाताई तावातावाने तिकडे गेल्या. दोघींचं दारातच जुंपलं. गल्ली गोळा झाली.

"अकराव्या दिवशी डब्याची घाई काहून झाली तुमाले?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"माही नात आहे. मले दिसते ना, पोर सुकून राहिलं."

"तुमाले दूध कमी दिसते, सून दिसत नाही."

त्यांनी कांताबाईंच्या हातातला डबा घेतला आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून दिला. आम्ही मागे उभ्या होतो, खूश. मला आठवतंय, मी नंदाला कोपराने ढोसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंनी बाळाची टाळू पाहिली. खोल गेली होती. ओठ कोरडे, लंगोट आदल्या दुपारपासून कोरडा. त्यांनी कोणाला विचारलं नाही. बाळ उचललं, आरतीला हाताला धरून ऑटोत घातलं आणि धंतोली गाठली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलं आहे, आणखी एक दिवस घरी ठेवलं असतं तर काही हातात राहिलं नसतं. बाळ आधी जन्मलेलं, अशक्त. तोंड हलत होतं, ओढायची ताकद नव्हती. घोट जातच नव्हता. पाच दिवस ते काचेच्या पेटीत होतं.

मी धावत जाऊन प्रमिलाताईंना सांगितलं. त्यांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी खाली ठेवली. गप्प बसलेल्या प्रमिलाताई मी पहिल्यांदा पाहिल्या त्या तेव्हा. मग त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. त्यांना आत कोणी घेतलं नसतं, त्यांनी मागितलंही नाही. पाच दिवस सकाळी जायच्या, दिवेलागणीला परत यायच्या.

सहाव्या दिवशी बाळ घरी आलं. प्रमिलाताई त्याच दारात गेल्या, त्याच गल्लीसमोर. ज्या आवाजात भांडल्या होत्या त्याच आवाजात बोलल्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"कांताबाई, तुम्ही बरोबर होत्या. मी चुकली. तुम्ही होत्या म्हणून पोर वाचली."

यावर एखादी बाई रडली असती, एखादीने हात धरला असता. कांताबाई म्हणाल्या, "तुमच्या घरचं पाणी पीत नाही आम्ही, अन् तुमच्या सांगण्यावरून पोर उपाशी ठेवलं. आमचंच डोकं फिरलं होतं."

गल्ली ऐकत होती. मी ऐकत होते. नंदा ऐकत होती. कोणीही एक शब्द बोललं नाही. प्रमिलाताईंनी मान खाली घातली आणि घरी आल्या. कधीच काही ऐकून न घेणाऱ्या बाईने ते ऐकून घेतलं. मी अजून घेतलेलं नाही. चूक झाली होती, भयंकर झाली होती, आणि त्यात अर्धी माझी होती. पण मी चुकले तेव्हा मला कोणी माझ्या घरच्या पाण्यावरून बोललं नाही. माझी चूक ही फक्त चूक होती. प्रमिलाताईंची चूक लगेच त्यांच्या जातीला जाऊन चिकटली, आणि ते ज्या सहजपणे झालं, त्याचा राग मला त्या दिवशीपेक्षा आज जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाताईंनी कांताबाईंचे शिवायला आलेले तीन ब्लाउजपीस घडी घालून त्यांच्या दारात नेऊन ठेवले. मी सोबत होते. "चुकीचं मी कबूल केलं, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याचं वेगळं. आरतीचं शिवीन, पोरीचं शिवीन. तुमचं आता शिवणार नाही." कांताबाई काही बोलायच्या आत त्या वळल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी खोलीतले नियम बदलले. आधी जुन्या मऊ साड्यांचे लंगोट शिवायला घेतले, एका पोरीला आठ. पुढच्या पोरीकडे जाताना ते आठ लंगोट घेऊनच जायचं. 'रडते का' हा प्रश्न बंद. "किती ओले झाले?" हा एकच प्रश्न. दिवसाकाठी सहाच्या खाली असेल तर वाद नाही, चर्चा नाही, सरळ डॉक्टर. दर सोमवारी अंगणवाडीतल्या काट्यावर वजन. आणि एक दिवस मी गेले तर डब्यांच्या ओळीत एक नवा डबा होता, भरलेला, सील न फोडलेला. त्याच्यावरचं बाळ तसंच हसत होतं. बोळा फिरवलेला नव्हता.

"हा काहून?" मी विचारलं.

"लागला तं असावा. कोण्या पोरीले लागला अन् माह्या भेवानं तिनं लपवला, असं नको व्हाले." मग वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते त्यांनी आम्हाला शिकवलं. तेही स्वतः नाही; आरतीला बोलावून. आरती पिळून काढलेलं दूध आणि लागेल तेवढं डब्याचं, दोन्ही वाटी-चमच्याने पाजत होती आणि मधूनमधून बाळाला छातीला लावत होती. दोन महिन्यांनी बाळ पूर्ण अंगावरच्या दुधावर आलं. पुढे गल्लीत आरतीइतकी चांगली शिकवणारी दुसरी झाली नाही.

पण आरतीच्या मुलीला प्रमिलाताईंनी कधी हात लावला नाही. आमच्या प्रत्येकीच्या बाळाला दर वाढदिवसाला त्या स्वतः माप घेऊन काही तरी शिवून द्यायच्या. या पोरीच्या वेळी मात्र टेप माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू घेऊन ये." मला माप घेता येत नाही. दर वर्षी फ्रॉक ढगळ व्हायचा. आरती मुलीला घेऊन खोलीत यायची तेव्हा त्या मान खाली घालून मशीन जोरात चालवायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, पोर धडधाकट आहे, खेळते आहे, आता पुरे. त्या म्हणाल्या, "तुले पुरे असंन."

दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर जाऊ लागली. साखरेने. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा त्यांनी पोरींकडून ओवून घेतला, नंतर कापड सरळ कापलं जाईना तेव्हा शिवण थांबवलं. मुलगी भंडाऱ्याहून न्यायला आली. एक लहान टेम्पो गल्लीत उभा राहिला. मशीन साडीने बांधून मागे चढवलं, तसबीर प्रमिलाताईंच्या मांडीवर. आम्ही दहा-बारा जणी जमलो होतो. कांताबाई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या, त्या पुढे आल्या नाहीत.

आरती मुलीला घेऊन टेम्पोच्या दाराशी गेली. पोरगी पाच वर्षांची, शाळेच्या कपड्यांत, कुठे जाता म्हणून विचारणारी. प्रमिलाताई गप्प झाल्या. मी दुसऱ्यांदा पाहिलं ते हे. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि चाचपडत पोरीचा दंड धरला. टेप भोवती फिरवली, चिमटीत पकडली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"किती आहे वं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून पाहिलं. "साडेसहा."

"नीट पाय. मागच्यासारखं नको करू."

मी पुन्हा पाहिलं. "साडेसहा आहे, ताई. बरोबर साडेसहा."

त्यांनी अंगठ्याने तो दंड एकदा दाबून पाहिला, भाजीवाल्याकडची भाजी पाहावी तसा, आणि पोरीचा हात सोडला. टेप परत गळ्यात घातली. आरती रडत होती. आम्ही सगळ्याच रडत होतो. आणि मग प्रमिलाताई चिडल्या.

"पिंपळाजवळच्या घरातली पोरगी. आज पाचवा दिवस आहे तिचा. तिच्याकडे कोण गेलं सकाळी?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नंदाला वाटलं होतं मी जाईन, मला वाटलं होतं आरती जाईल. त्यांना निरोप द्यायचा म्हणून कोणीच गेलं नव्हतं.

"मंग मले काय पाहून राहिल्या? मी काय पाच दिवसांची आहो?"

टेम्पो सुरू झाला. गल्लीच्या वळणावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि तो हात वळण संपेपर्यंत पिंपळाजवळच्या घराकडे बोट दाखवत होता.